‘डॅड्स आर्मी’ या ब्रिटिश विनोदी मालिकेतलं वॉल्मिंग्टन-ऑन-सी प्रत्यक्षात पाहता येतं का?

हो, पण समुद्रकिनारी शोधू नका. इंग्लंडच्या नॉरफोक परगण्यातल्या थेटफर्डला जा. वॉल्मिंग्टन हे गावच काल्पनिक. १९६८ ते १९७७ चाललेल्या या बीबीसी मालिकेचं बरंचसं बाह्यचित्रण थेटफर्ड आणि आसपास झालं, म्हणून डॅड्स आर्मी अप्रिसिएशन सोसायटी या चाहत्यांच्या मंडळाची पंढरी तीच. स्वयंसेवक चालवतात ते छोटंसं डॅड्स आर्मी म्युझियम बघाच. मालिकेतल्या जोन्स खाटकाची व्हॅन मात्र थेटफर्डच्याच चार्ल्स बरेल म्युझियममध्ये आहे. नदीकाठच्या बाकावर मालिकेचे नायक कॅप्टन मेनवरिंग (उच्चार ‘मॅनरिंग’ बरं का!) ब्राँझमध्ये ऐटीत बसलेत, शेजारी फोटोपुरती जागा ठेवून. एकच अडचण: डॅड्स आर्मी म्युझियम रोज उघडं नसतं, तेव्हा वार बघूनच गाडीचं तिकीट काढा.