लॉचा विद्यार्थी सिनियरच्या देखरेखीखाली कोर्टात उभा राहू शकतो का?

प्रश्न विचारणारा साताऱ्यात लॉच्या शेवटच्या वर्षाला आहे. सिनियर म्हणतात, "उद्या तू उभा राहा, मी आहे मागे." अमेरिकेत विद्यार्थी केस चालवतात, मग आपल्याकडे का नाही, असंही त्याने विचारलंय.

नाही, उभे राहू नका. एवढं लिहून गप्प बसलो असतो, पण 'मी आहे मागे' वाचलं आणि ताटावरून उठलो.

२००४ ची गोष्ट. मीही साताऱ्यातच शेवटच्या वर्षाला होतो. ज्या सरांकडे जात होतो त्यांचा दिवाणीत हात धरणारा कोणी नव्हता. त्यांचा एक बांधाचा दावा जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या एका तालुका कोर्टात होता. वादी सत्तरीच्या आजी, प्रतिवादी त्यांचेच पुतणे. त्या दिवशी आजींचा उलटतपास होता आणि सरांचं अपील साताऱ्यात बोर्डावर, म्हणजे सुनावणीला, आलं. सरांनी मुदतीच्या, म्हणजे पुढची तारीख मागण्याच्या, अर्जावर सही केली, आपला जुना बँड, वकील गळ्यात बांधतात ती पांढरी पट्टी, माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "पुकारा झाला की उभा राहा, मुदत माग, खाली बस. काही होत नाही. मी आहे मागे."

मागे म्हणजे साठ किलोमीटर मागे.

मी पहाटेची एसटी धरली. बँड बांधून आरशात तीनदा पाहिलं होतं, खोटं कशाला बोलू. आजी कोर्टाच्या पायरीवर भाकरीचं फडकं घेऊन बसल्या होत्या. मला पाहून उठल्या, "वकीलसाहेब आलं," म्हणाल्या. मी दुरुस्त केलं नाही. तेवढंच मला आजही खुपतं, बाकीचं नंतरचं.

पुकारा झाला, मी उभा राहिलो. समोरच्या वकिलांनी हरकत घेतली, आम्ही तयार आहोत, वादीच मुदत मागतोय, दोन वर्षं झाली. न्यायाधीशांनी वर पाहिलं. "आपली सनद कधीची?" सनद म्हणजे वकिलीचा परवाना. मी म्हणालो, "साहेब, अजून शिकतोय. सरांच्या वतीने." ते ओरडले नाहीत. फक्त म्हणाले, "तो बँड आधी काढा." मानेमागची गाठ सुटेना. भरल्या कोर्टात मी मानेशी झटापट करतोय, शेवटी शिपायाने पुढे येऊन ती सोडली. मग साहेबांनी आजींना पिंजऱ्याजवळ बोलावून समजावलं आणि तीनशे रुपये कॉस्टवर, म्हणजे तेवढा खर्च भरायच्या अटीवर, मुदत दिली. आजींनी कमरेची चंची सोडून दहा-वीसच्या नोटा मोजल्या. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाल्या, "आरं, उभा राहिलास की, मग बसलास का?"

मी सरांना म्हणालो, हे तीनशे आपण देऊ. सर म्हणाले, "पक्षकाराला असली सवय लावायची नसते." तेव्हापासून आमचा वाद आहे. त्याकडे येतो.

आधी तुमची अमेरिका. अमेरिकन बार असोसिएशनने १९६९ मध्ये नमुना नियम केला, पुढे राज्याराज्यांनी आपापले केले. मुलं तिथे खरंच उभी राहतात, पण नमुना नियमातल्या अटी वाचा. किमान चार सत्रं झालेली हवीत. डीनने लिहून द्यायला हवं. पक्षकार गरीब असावा, त्याच्याकडून विद्यार्थ्याने एक पैसा घ्यायचा नाही. देखरेख करणाऱ्या वकिलाने विद्यार्थ्याच्या कामाची जबाबदारी स्वतःच्या अंगावर घ्यायची. आणि सगळ्यात मोठी अट, पक्षकाराची लेखी संमती. आजींना कोणी विचारलं होतं? वकीलपत्रावर त्यांचा अंगठा सरांसाठी होता, माझ्यासाठी नव्हता.

आपल्याकडे असा नियमच नाही. अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्ट १९६१ चं कलम ३३ म्हणतं, सनदधारकच वकिली करणार. कलम ४५ खाली सनदेशिवाय वकिली केली तर सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. एका मुदतीच्या अर्जासाठी कोणी आत घालत नाही, पण करिअर सुरू होण्याआधी तो डाग कशाला?

विद्यार्थ्याला काय मिळतं? इंटर्नशिप. तीन वर्षांच्या कोर्सला किमान १२ आठवडे, पाच वर्षांच्याला २०. डायरी लिहा, दोन खटले बसून पाहा, एक दिवाणी, एक फौजदारी. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच आहे, मुंबईला न जाता हायकोर्टाचं काम पाहता येतं. (तिथे जाऊन काळ्या कोटात रील बनवणाऱ्यांविषयी मी इथे काही लिहीत नाही.) ड्राफ्टिंग शिका, कोर्टाच्या कागदांची नक्कल कशी काढतात ते पाहा, निशाणी ५ वर, म्हणजे तात्पुरत्या मनाईच्या अर्जावर, काय युक्तिवाद होतो ते ऐका. कॉलेजच्या विधी साहाय्य केंद्रात बसा. रेशनकार्डाच्या अर्जापासून पोटगीपर्यंत सगळं तिथे येतं आणि समोरचा माणूस खरा असतो. मला स्वतःला तिथे जास्त समजलं, सरांकडे कमी. हे सरांनाही सांगितलंय.

वकिलांवर देखरेख ठेवणाऱ्या बार कौन्सिल ऑफ इंडियाने १९९५ मध्ये सनदेआधी वर्षभर प्रशिक्षणाचे नियम केले होते. १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्ही. सुदीर खटल्यात ते रद्द केले, कारण संसदेनेच १९७३ च्या दुरुस्तीत प्रशिक्षणाची अट काढून टाकली होती. कायद्याच्या दृष्टीने बरोबर असेल. पण माझ्यासारख्या पोरांचं त्यात नुकसान झालं असं माझं स्पष्ट मत आहे. सनदेच्या आदल्या दिवशी काहीच करता येत नाही आणि दुसऱ्या दिवशी खुनाच्या खटल्यातही उभं राहता येतं. मधली पायरीच नाही. अमेरिकेसारखा नियम इथे यावा असं मला वाटतं, फक्त 'देखरेख' म्हणजे सिनियर त्याच कोर्टात, शेजारच्या खुर्चीवर, ही अट त्यात पहिली हवी.

हां, कलम ३२ राहिलंच. कोर्टाला वाटलं तर एखाद्या प्रकरणापुरती सनद नसलेल्या माणसालाही परवानगी देता येते. पण तो हक्क नाही, आधी मागावी लागते. १९७८ च्या हरीशंकर रस्तोगी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलंय. 'सिनियरने पाठवलं' याला परवानगी म्हणत नाहीत. सगळेच सिनियर असे असतात असंही नाही, माझेही एरवी तसे नव्हते. फी न घेता चालवलेले त्यांचे दावे मी मोजलेत.

आता वाद. सर ऐंशीच्या पुढे गेलेत, दर दिवाळीला मी फराळाला जातो आणि दर दिवाळीला ते म्हणतात, "कॉस्ट मुदतीची होती रे, तुझ्या बँडची नव्हती." मागच्या महिन्यात त्या कोर्टात काम निघालं म्हणून मी जुन्या रोजनाम्याची, म्हणजे कोर्टाच्या त्या दिवसाच्या नोंदीची, नक्कल काढली. त्यात लिहिलंय, 'वादी हजर. वादीचे वकील गैरहजर. मुदत अर्ज रु. ३०० कॉस्टवर मंजूर.' माझं नाव नाही, बँड नाही, काहीच नाही. मी त्या दिवशी कोर्टात नव्हतोच म्हणा. म्हणजे सरांचं खरं निघालं. पण मग ते तीनशे सरांच्या गैरहजेरीचे झाले, आणि ते आजींनी का भरावेत?

या दिवाळीला नक्कल खिशात घेऊनच जाणार आहे.