रोजगार हमीने महाराष्ट्रात मागे काय ठेवलं

तुमचा प्रश्न असा आहे की गरिबी हटवण्याच्या सरकारी योजनांनी समाजात कायमचं काही बदलतं का, की लोकांना नुसती फुकटची सवय लागते. सगळ्या योजनांना एकच उत्तर लागू पडणार नाही. मी सांगोल्याकडच्या दुष्काळी पट्ट्यातला, म्हणून आमच्याकडे घराघरात पोचलेल्या रोजगार हमीबद्दल, म्हणजे मागेल त्याला सरकारने मजुरीचं काम देण्याच्या योजनेबद्दल सांगतो.

फुकटचा मुद्दा आधी घेतो. मे महिन्याच्या उन्हात खडी फोडायला कोणी हौसेनं जात नाही. मातीकामात खड्ड्याच्या मधोमध मातीचा एक खांब न खणता ठेवतात. किती खोल गेलात ते त्याच्यावरून मोजायचं आणि जेवढं माप भरेल तेवढीच मजुरी. नुसती हजेरी लावून पदरात काही पडत नाही. गरीब कोण हे ठरवायला दाखलाही लागत नव्हता, कारण ज्याचं दुसरीकडे भागतं तो त्या कामाकडे फिरकतच नाही.

कल्पना विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांची. १९६५ मध्ये तासगाव तालुक्यातल्या विसापूरला तिचा प्रयोग झाला. १९७२ च्या दुष्काळाने ती राज्यभर नेली. १९७३ च्या उन्हाळ्यात सुमारे ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. पुढे कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला: काम मागितल्यावर पंधरा दिवसांत द्यायचं, नाहीतर बेकारी भत्ता. पैशासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर आला. पगारपत्रकावर दरमहा २०० रुपये कापलेले दिसतात ना, तोच. शहरातल्या नोकरदाराने खेड्यातल्या मजुराच्या कामाचा भार उचलायचा, हे राज्याने कायद्यात लिहिलं. मला याचं आजही अप्रूप वाटतं.

माझ्या मते सगळ्यात टिकाऊ बदल मजुरीच्या बोलीत झाला. पूर्वी सुगी संपली की बागायतदार सांगेल त्या दराला मान हलवावी लागे. उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतली असेल तर तोंड उघडायची सोयच नव्हती. पाझर तलावाचं काम निघालंय म्हटल्यावर माणूस दर वाढवून मागायला लागला. बेकारी भत्ता फार थोड्यांना मिळाला, पण कायद्यात तो होता म्हणूनच तहसील कचेरीवर मोर्चे जाऊ शकले. कामाचा अर्ज हातात घेऊन साहेबापुढे ताठ उभं राहायला लोक शिकले ते तिथे.

दुसरं, बायका. शेतात बाईची मजुरी पुरुषापेक्षा कमी असायची आणि आजही बऱ्याच ठिकाणी आहे. इथे दर एकच. आमच्याकडच्या म्हाताऱ्या अजून सांगतात की मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, नाव त्यांचं होतं आणि अंगठाही त्यांचाच. झाडाला साडीची झोळी बांधून त्यात पोर निजवायचं आणि घमेली वाहायची. त्या पैशावर नवऱ्याला न विचारता त्यांनी पोरांना वह्या घेतल्या.

कामांचं म्हणाल तर हिशोब संमिश्र आहे. कितीतरी रस्ते पहिल्या-दुसऱ्या पावसात वाहून गेले, तलाव गाळाने भरले. खोट्या मस्टरवर काहींनी घरं बांधली, हे लपवण्यात अर्थ नाही. पण १९९० पासून फळबाग लागवड रोजगार हमी योजनेला जोडली आणि चित्र पालटलं. खड्डे, रोपं, मजुरी सगळं योजनेतून मिळायला लागलं. सांगोल्याच्या माळावर डाळिंब पसरलं, कोकणात कातळावर आंबा-काजू उभा राहिला. जिथे बाजरीही धड येत नव्हती तिथली पोरं निर्यातीच्या डाळिंबावर शिकली. फक्त हे भाग्य ज्याच्या नावावर जमीन होती त्याचं. भूमिहीनाने दुसऱ्याच्या बागेचे खड्डे खणले, मजुरी घेतली आणि तो पुढच्या कामाला गेला. या योजनेची मला खरी बोचणारी बाजू हीच.

२००५ मध्ये देशाने असाच कायदा केला, तेव्हा महाराष्ट्राचा अनुभव समोर होता. तरीही बीडहून दर दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतातच. कारण फार साधं आहे: सरकारी कामाची मजुरी खात्यात पडायला आठवडे, कधी महिने लागतात, आणि टोळीचा मुकादम उचल आधीच रोख हातात ठेवतो. घरात लग्न किंवा दुखणं असेल तर माणूस कोणाकडे जाईल?