घरच्यांना घेऊन जुना मिलिटरी पिस्तूल कोर्स करून बघायचाय, .४५ कॅलिबरचं मोठं पिस्तूल झेपेल का?

झेपेल, फक्त पहिल्याच दिवशी कुणाच्या हातात .४५ देऊ नका. आम्ही तिघांनी, म्हणजे मी, बायको आणि १६ वर्षांच्या मुलीने, मागच्या उन्हाळ्यात इथे अमेरिकेत, ओहायोत जवळपास दर रविवारी हेच केलं.

तुम्ही म्हणताय तो बहुतेक नॅशनल मॅच कोर्स, इथल्या कॅम्प पेरीच्या नेमबाजी स्पर्धांत अजून होतो तो. ३० गोळ्या, ३०० मार्क. आधी ५० यार्डांवर १० गोळ्या १० मिनिटांत, मग २५ यार्डांवर पाच-पाचच्या दोन फैरी २०-२० सेकंदांत, आणि मग तशाच दोन १०-१० सेकंदांत. सगळं एका हाताने, दुसरा हात खिशात नाहीतर कमरेवर. खरी परीक्षा तिथे आहे कारण १९११, म्हणजे आर्मीचं ते जुनं .४५ पिस्तूल, रिकामं असतानाच १.१ किलोचं असतं आणि हात लांब करून धरलं की थोड्याच वेळात खांदा भरून येतो. म्हणून पहिल्या १० मिनिटांत घाई अजिबात करू नका, हात थरथरला की गोळी न झाडता पिस्तूल खाली घ्या, दोन श्वास घ्या आणि परत उचला. बायकोला हे कळलं त्या दिवसापासून तिचे मार्क वाढायला लागले.

त्याआधी व्हिसा बघा प्लीज. एच-१बी किंवा व्हिजिटर व्हिसावर असाल तर फेडरल कायद्याने बंदूक आणि गोळ्या हाताळताच येत नाहीत, रेंजवर भाड्याने घेतलेल्यासुद्धा, हंटिंग लायसन्ससारखे थोडे अपवाद सोडले तर. ग्रीन कार्डवाल्यांना ही अडचण नाही. माझे सासरे आर्मीतून रिटायर झालेत, तेव्हा ते व्हिजिटर व्हिसावर आमच्याकडे आले होते, पण ते पूर्ण वेळ मागे उभे राहून बघत होते आणि मला फार वाईट वाटलं. मुलं १८च्या आतली असतील तर पालकांची लेखी परवानगी सोबत ठेवा, शिवाय तुमच्या राज्याचे नियम वेगळे असतात ते बघा.

आता शिकायचं कसं. महिनाभर फक्त .२२, म्हणजे लहान गोळीचं, कमी धक्क्याचं पिस्तूल वापरा, कोर्स तोच. ५० यार्डांची रेंज नसेल तर २५ यार्डांवर बी-१६ टार्गेट लावा, ते त्यासाठीच छोटं केलेलं असतं. .४५ वर आलात की आर्मीची एक जुनी पद्धत आहे ती नक्की करा, एकाने दुसऱ्याचं मॅगझिन भरायचं आणि खऱ्या गोळ्यांमध्ये एखादं डमी, म्हणजे न उडणारं, काडतूस घालायचं, कुठे घातलंय ते सांगायचं नाही. डमी आलं की आवाज होत नाही, आणि आपण ट्रिगर दाबताना नळी किती खाली झटकतो ते सगळ्यांना दिसतं. मला वाटत होतं मी स्थिर आहे, पण मुलीने भरलेल्या मॅगझिनमध्ये माझी नळी चांगली इंचभर खाली गेली, आणि मागून सासरे एवढंच म्हणाले, "आवाजाची वाट बघताय तुम्ही, फ्रंट साइट बघा." फ्रंट साइट म्हणजे नेम धरायला नळीच्या टोकावर असलेला उंचवटा. माझे मार्क कशाने सुधारले असतील तर या वाक्याने. फक्त नुसतं टक् वाजलं तरी ते डमीच असेल असं धरून चालू नका, ३० सेकंद नळी टार्गेटकडेच ठेवा, गोळी उशिरा उडू शकते.

रिकॉइलला घाबरू नका, .४५ चा धक्का तीक्ष्ण नाही, ढकलल्यासारखा असतो, त्यात पिस्तूल जड असल्याने बराचसा त्यातच जिरतो. त्रास आवाजाचा जास्त होतो म्हणून कानात प्लग आणि वरून मफ दोन्ही लावा. गोळीचं गरम रिकामं केसिंग (कवच) उडून गळ्यात पडतं, मुलीच्या पडलं होतं, तेव्हा गळाबंद टी-शर्ट घाला आणि पडलं तरी पिस्तूल टार्गेटकडेच धरून आधी खाली ठेवा, मग झटका. आणि जेवणाचा डबा गाडीतच ठेवा, हातांना शिसं लागलेलं असतं, साबणाने नीट धुतल्याशिवाय पोरांना काही खायला देऊ नका.