अटल बोगद्यामुळे लाहौलचं भलं झालं, की नुसती गर्दी वाढली?

प्रश्न थोडक्यात असा आहे: रोहतांग खिंडीच्या पोटातून बोगदा काढल्यावर हिमाचलच्या लाहौल खोऱ्यातल्या लोकांचा खरंच विकास झाला, की फक्त मनालीची गर्दी पलीकडे सरकली? आणि विचारणाऱ्याने शेवटी जोडलंय, डिसेंबरात जावं का?

मी पुण्याचा. २००९ पासून वर्षाआड तरी एखादा गट घेऊन मनाली-लेह वाटेवर असतो आणि लाहौलचं मुख्य गाव केलाँग, त्याच्या अलीकडे एका गावात ठरलेल्या घरी उतरतो. घरातल्या आजींना आम्ही सगळे अम्माजी म्हणतो. माझी बरीचशी माहिती त्यांच्या चुलीपाशी बसून ऐकलेली आहे, तेव्हा थोडा पक्षपात होणार. तो धरून चाला.

आधी एक गैरसमज काढून टाकू. ‘बोगद्याने विकास झाला का’ असं विचारताना आपण मनातल्या मनात धरतो की आधी तिथे काही नव्हतंच. तसं नाही हो. लाहौल हा चार पैसे गाठीला असलेला मुलूख. मान्सूनचे ढग बहुतेक रोहतांगलाच अडतात, पलीकडे हवा कोरडी आणि थंड. अशा हवेत मावा ही पिकांवरची कीड फारशी टिकत नाही, आणि बटाट्याचे विषाणूजन्य रोग एका झाडावरून दुसऱ्यावर नेतो तो मावाच. त्यामुळे लाहौलचा बटाटा खाण्यापेक्षा बियाण्यासाठी नावाजला. बटाटा आणला एकोणिसाव्या शतकात केलाँगला आलेल्या मोरेव्हियन मिशनऱ्यांनी. मोजे विणायला शिकवण्याचं श्रेयही त्यांनाच देतात. त्या लाहौली मोज्या-हातमोज्यांना २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पण बटाट्याचा पैसा शेतकऱ्याच्या हातात आला तो १९६६ साली त्यांनी लाहौल पोटॅटो सोसायटी काढल्यावर. आपल्या सहकारी कारखान्यांची छोटी भावंडं म्हणा. पाणी हिमनदीचं, पाटाने आणलेलं. तिकडे त्याला कूल म्हणतात. पुढे मटार आला, मग फ्लॉवर, आता आइसबर्ग लेट्यूस. जो बर्गर खाताना आपण पानं बाजूला काढतो, त्यातलं एखादं पान तिथलं असू शकतं.

म्हणजे पीक होतं, पैसाही होता. नव्हता तो हिवाळा.

रोहतांगची उंची ३,९७८ मीटर. नोव्हेंबरात खिंड बंद झाली की मेपर्यंत खोरं कुलूपबंद. सरकारी हेलिकॉप्टर होतं, पण यादीत नाव लागलं पाहिजे आणि त्या दिवशी आभाळ उघडलं पाहिजे. कुलूकडे नातेवाइकांच्या घरी आठवडा-आठवडा वाट पाहत बसलेली माणसं मी पाहिली आहेत. ज्यांना थांबणं शक्य नव्हतं ते खिंड चालत ओलांडायचे, आणि सगळे पोचायचे नाहीत. अम्माजींचे दीर फेब्रुवारीत कुलूला वारले. निरोप मिळाला, पण जाणार कसं? मेमध्ये रस्ता उघडला तेव्हा त्या तिथे गेल्या आणि तीन महिन्यांचं रडणं एकदम रडून आल्या. ही गोष्ट त्या चहा गाळता गाळता सांगतात, आवाज जराही न बदलता.

बोगद्याची मागणी आली ती इथून. लाहौलचे टशी दावा हे वाजपेयींचे जुने स्नेही. १९९८ मध्ये ते दोन सोबत्यांना घेऊन दिल्लीला गेले आणि पंतप्रधान झालेल्या मित्रापुढे हे गाऱ्हाणं मांडलं. २००० साली निर्णय, २००२ मध्ये जोडरस्त्याची कोनशिला, २०१० मध्ये प्रत्यक्ष बोगद्याची, आणि ३ ऑक्टोबर २०२० ला उद्घाटन. सीमेवरच्या सैन्याची गरज नसती तर इतका पैसा इकडे वळला असता का, असं मला विचाराल तर मी नाही म्हणेन. लाहौली लोकही हे जाणून आहेत. लष्कराच्या ताटातला घास आपल्यालाही मिळाला, असं एक शिक्षक मला हसत म्हणाले होते.

काम इतकं लांबलं त्याला सरकारी सुस्तीइतकाच सेरी नाला जबाबदार. बोगदा ९.०२ किलोमीटरचा, पण त्यातल्या जेमतेम ५८७ मीटरने जवळपास चार वर्षं खाल्ली. वर नाला, खाली भुसभुशीत, फुटका खडक, आणि छतातून सतत पाणी. कोकण रेल्वेच्या पेडणे बोगद्यात काम केलेल्यांच्या तोंडून ओल्या मातीचे किस्से ऐकले असतील तर कल्पना येईल. पेडण्याला बर्फ नव्हतं एवढाच फरक.

आता फायदा काय झाला ते सांगतो. मनाली ते केलाँग पूर्वी ११६ किलोमीटर, दिवसच जायचा. आता ७० च्या आसपास, दोन-अडीच तास. पण अंतराचं सोडा. अम्माजींची सून जानेवारीत बाळंत झाली, कुलूला. आदल्या आठवड्यात टॅक्सी करून गेली. घरात हा विषय कोणी मोठा करून सांगितला नाही, मीच तारीख ऐकून दचकलो. जानेवारी! पूर्वी अशी बाई ऑक्टोबरातच खाली न्यावी लागायची, सोबत घरातलं एक माणूस, म्हणजे दोघांचा सहा महिने मुक्काम. ज्यांची ऐपत होती त्यांनी म्हणूनच कुलू-मनालीत दुसरं घर बांधलं, पोरं तिथेच शिकली. दोन घरं चालवण्याचा तो खर्च कुठल्याही विकासाच्या तक्त्यात दिसत नाही.

सगळंच गोड नाही. रस्ता खुला झाल्याच्या पुढच्याच महिन्यात, नोव्हेंबर २०२० मध्ये, लाहौलमधल्या थोरंग गावात एक माणूस सोडून सगळे कोरोनाबाधित निघाले. एकट्या बोगद्याला त्याचा दोष देणं बरोबर नाही, पण सहा महिन्यांच्या कुलपाचा एक फायदाही होता हे तेव्हा लोकांच्या लक्षात आलं.

गर्दीचं म्हणाल तर बोगदा दिवसाला ३,००० मोटारी आणि १,५०० ट्रक धरून आखलेला. २०२३ च्या नाताळात एका दिवसात २८ हजारांवर वाहनं गेल्याची नोंद आहे. त्याच सुमारास एका महाभागाने कोंडी टाळायला आपली थार थेट चंद्रा नदीत घातली होती, व्हिडिओ तुम्हीही पाहिला असेल. सिस्सू हे पलीकडच्या तोंडाजवळचं गाव. तिथे आता ऑगस्टातल्या रविवारच्या लोणावळ्यात आणि त्यात फरक एवढाच की भजीच्या जागी मॅगी आहे. एप्रिलात बर्फ वितळलं की शेताच्या बांधावर काय काय उगवतं ते पाहा: पाण्याच्या बाटल्या, वेफर्सची पाकिटं, लहान मुलांचे डायपर. बर्फात टाकलं की दिसत नाही, म्हणून टाकणाऱ्याला वाटतं गेलं. ते तिथेच असतं, आणि मटार पेरायच्या आधी कोणीतरी वाकून उचलतं. हालडा-पूना या सणांच्या दिवसांत तिथल्या पंचायतींनी पर्यटक बंद ठेवण्याचे ठराव केले, ते मला तरी पटतात. आपल्या घरात सत्यनारायण चालू असताना अंगणात कोणी डीजे लावला तर आपण काय करू?

मग कमावतं कोण? इथे मात्र लाहौलची बाजू भक्कम आहे. तो अनुसूचित जमातींचा प्रदेश, जमीन बाहेरच्या माणसाला विकण्यावर कायद्याने निर्बंध. शिवाय हिमाचलच्या कूळ आणि जमीन सुधारणा कायद्यातल्या कलम ११८ मुळे राज्यात कुठेही बाहेरच्या बिगरशेतकऱ्याला सहजासहजी शेतजमीन घेता येत नाही. त्यामुळे होमस्टेच्या पाटीमागचं घर बहुधा गावातल्याचंच असतं. आपल्या कोकणात हायवेला जमीन गेल्यावर काय होतं ते आठवा आणि तुलना करा. तरी पैसा सगळीकडे सारखा पडलेला नाही. सिस्सूत वरचा मजला चढतो, लाहौलमधल्याच उदयपूरकडच्या आतल्या गावांना त्याचा शिंतोडाही नाही. आणि लेहच्या गाड्यांनी खिंडीच्या मनालीकडच्या बाजूला असलेल्या मढीकडे पाठ फिरवली. तिथल्या ढाब्यांवर राजमा-चावल खाल्ल्याशिवाय आम्ही खिंड चढत नसू.

खरं दुखणं वेगळंच आहे, आणि ते बोगद्यात नाही. बोगदा फक्त ९ किलोमीटर सांभाळतो. फ्लॉवरची गाडी दिल्लीला पोचायला पुढे कुलू आहे, मंडी आहे, आणि सगळी वाट बियास नदीला खेटून. जुलै २०२३ च्या पुरात नदीने तो रस्ता जागोजागी कापून नेला. त्या मोसमात अम्माजींच्या मुलाचा फ्लॉवर पोत्यांत भरून तयार होता. फ्लॉवर दोन दिवस थांबतो, चौथ्या दिवशी पिवळा पडतो, नंतर वास सुटतो. त्याने तो गुरांपुढे टाकला, गुरांनीही शेवटी तोंड फिरवलं. बियाण्याचा बटाटा निदान थांबायचा. नगदी भाजी थांबत नाही. म्हणजे रस्ता चांगला झाला म्हणून शेतकरी नाशवंत पिकाकडे वळला आणि त्याच रस्त्यावर आधीपेक्षा जास्त अवलंबून राहिला. त्या मुलाने यंदा अर्ध्या शेतात परत बटाटा लावलाय.

डोंगरही पूर्वीसारखा राहिलेला नाही. जुलै २०२१ मध्ये तोझिंग नाल्याला अचानक लोंढा येऊन माणसं वाहून गेली. लिंडूर गावात घरांना आणि शेतांना भेगा पडल्या आहेत. अशा जमिनीवर अजून किती काँक्रीट ओतायचं, हा प्रश्न तिथली तरुण पोरं जाहीरपणे विचारू लागली आहेत, आणि जलविद्युत प्रकल्पांना विरोधही त्यातूनच आहे. दरम्यान पुढच्या बोगद्याचं कामही सुरू झालं: लाहौलमधल्या दारचा गावाहून लडाखच्या झांस्करला जाणाऱ्या वाटेवर ‘शिंकू ला’ या खिंडीखाली, ४.१ किलोमीटरचा. त्याचा पहिला स्फोट २६ जुलै २०२४ ला झाला.

तर माझं मत असं: बोगद्याने लाहौलला श्रीमंत केलं नाही, ते काम बटाट्याने आणि सोसायटीने आधीच केलं होतं. बोगद्याने त्यांना वर्षाचे राहिलेले महिने परत दिले. आता हवं ते बारीकसारीक: बियासच्या काठाने टिकणारा रस्ता, भाजी चार दिवस राहील अशी शीतगृहं, कचऱ्याची गाडी, आणि केलाँगच्या दवाखान्यात टिकून राहणारे डॉक्टर. यातल्या कशाचंही उद्घाटन टीव्हीवर दाखवत नाहीत.

डिसेंबरात जायचं असेल तर जा, पण २४ ते १ सोडून. रोजच्या रोज मनालीला परतण्याऐवजी गावात दोन रात्री राहा, पैसे तिथेच राहतील. बर्फ पडलं की बोगदा उघडा असूनही पलीकडचा रस्ता हिमकडे कोसळण्याच्या भीतीने बंद ठेवतात, म्हणून परतीच्या विमानाआधी एक दिवस हातचा ठेवा. रात्री नळाची बारीक धार चालू ठेवायला सांगतील. पाणी वाया जातंय म्हणून बंद करू नका, पाइप गोठतो. मी एकदा केला होता बंद. सकाळी अम्माजी काही बोलल्या नाहीत, फक्त बर्फाची बादली चुलीवर ठेवली.