रोज रात्रीची ती वही बंद करा

पत्र : माझी मुलगी सूक्ष्मजीवशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. गुण उत्तम. पण नोकरी नको, फ्रीलान्स ब्लॉगलेखन करून पोट भरेन म्हणते. आम्ही तिला सहा महिने दिले आहेत. आज किती शब्द लिहिले, किती पैसे झाले, हे ती रोज रात्री वहीत लिहून मला दाखवते. पहिल्या लेखात पाच वेळा दुरुस्त्या निघाल्या, पैसे दीड महिन्याने आले. दिवसाला २००० शब्द धरून मी मांडलेला हिशेब आणि तिचा तो लेख सोबत जोडला आहे. तिला परीक्षेच्या तयारीकडे कसं वळवू?
– एक वडील

उत्तर : तुमची काळजी खरी आहे, ती पत्राच्या ओळीओळीत दिसते. पण पत्र वाचताना मी त्या वहीपाशीच अडले.

रोज रात्री वडिलांना आकडा दाखवायचा आहे, हे डोक्यात असलेली मुलगी दिवसभर कोणतं काम शोधेल? आज मिळेल आणि आज संपेल ते. विषय कोणताही, शब्दाला भाव सगळ्यांत कमी, आणि घासाघीस करायची सोय नाही, कारण रकाना रिकामा राहून चालणार नाही. या धंद्यातलं सर्वांत पडेल काम ते हेच. चांगलं काम मिळवायला आधी नमुन्याचे चार-पाच लेख घडवावे लागतात, आपल्या विषयातल्या कंपन्या आणि संपादक हुडकावे लागतात, प्रत्येकाला वेगळा प्रस्ताव लिहावा लागतो. त्यांतल्या बहुतेकांचं उत्तर येत नाही. असे दिवस तुमच्या वहीत शून्य म्हणून नोंदले जातात. मुलगी अपयशी ठरेल या भीतीने तुम्ही वही सुरू केलीत आणि तीच वही तिला अपयशाकडे ढकलते आहे. हे कडक वाटलं तरी मी मागे घेणार नाही.

आता तुमचा हिशेब. २००० गुणिले शब्दाचा दर गुणिले ३० दिवस. माझ्याकडे येणारे पालक आणि मुलं, दोघंही हाच गुणाकार घेऊन येतात आणि तो चुकीचा आहे. पैसे शब्दांचे मिळतात, पण वेळ शब्दांना लागतो त्याहून कितीतरी जास्त जातो. ग्राहकाला नेमकं काय हवंय ते समजून घेणं, संदर्भ वाचणं, जाणकाराशी बोलणं, आराखडा मंजूर करून घेणं, दुरुस्त्या, बिल आणि मग थकलेल्या पैशांचा पाठपुरावा. बिल दिल्यावर ३० दिवसांनी पैसे देण्याची पद्धत सर्रास आहे, त्यामुळे दीड महिना लागला यात तिचा नाकर्तेपणा नाही. काम एखाद्या ऑनलाइन मंचावरून आलं तर त्याचं कमिशनही वजा होतं. आणि तुमच्या हिशेबात सुट्टीचा एकही दिवस नाही. पाच दुरुस्त्यांचं म्हणाल, तर दुरुस्त्या किती फेऱ्यांत करायच्या हे आधी ठरलंच नव्हतं. दोन फेऱ्या दरात धरलेल्या, पुढच्या प्रत्येक फेरीला वेगळे पैसे, नव्या ग्राहकाकडून निम्मी रक्कम आगाऊ. एवढ्या तीन ओळी काम घेण्याआधी ईमेलमध्ये लिहून, होकार मिळवून ठेवायला सांगा.

तिचा लेख मी दोनदा वाचला. अन्न साठवण्यावरचा आहे. सुरुवात कोणीही लिहील अशी, गुळगुळीत. तिसऱ्या परिच्छेदात मात्र ती सांगते की फ्रिज जंतू मारत नाही, त्यांची वाढ मंदावतो, आणि लिस्टेरिया हा जिवाणू तर त्या थंडीतही वाढत राहतो. पुढे तिने प्रयोगशाळेत पाहिलेल्या जंतूंच्या वसाहतींचं चार ओळींत वर्णन केलंय. मी तिथे थांबून पुन्हा वाचलं. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं, आणि ‘अमुक गोष्टीचे दहा फायदे’ छापाचे लेख माणसाकडून पैसे देऊन लिहून घ्यायचं कारण फारसं उरलं नाही. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये गुगलने मजकुराचा दर्जा तपासणाऱ्यांसाठीच्या आपल्या निकषांत ‘अनुभव’ हा शब्द नव्याने घातला. त्या चार ओळी म्हणजे तो अनुभव. म्हणून सांगते, ब्लॉगलेखनासाठी तिने सूक्ष्मजीवशास्त्र सोडलं तर हातातलं सर्वांत मोठं भांडवल गेलं. निदानचाचण्या, अन्नसुरक्षा, औषधनिर्माण या क्षेत्रांतल्या कंपन्यांना विषय कळणारा लेखक हवा असतो आणि त्या त्याला बरा दर देतात.

पदव्युत्तर प्रवेश, स्पर्धा परीक्षा हे रस्ते तुम्हाला ठाऊकच आहेत. तिला स्वतःला हवे असतील तर लेखनासोबतही ते चालता येतील.

सहा महिन्यांची मुदत मला कमी वाटते. पदवी पूर्ण होऊ द्या, नंतर वर्षभर अर्धवेळ नोकरी किंवा प्रयोगशाळेतलं काम आणि उरलेल्या वेळात लेखन. नोकरी तेव्हाच सोडायची, जेव्हा तीन-चार ग्राहक दर महिन्याला काम देत असतील, एकाच ग्राहकाकडून निम्म्याहून जास्त कमाई येत नसेल आणि सहा महिन्यांचा खर्च बाजूला पडलेला असेल. हिशेब तिने ठेवायलाच हवा, पण स्वतःसाठी, आणि महिन्यातून एकदा.

तुमच्या अख्ख्या पत्रात तिचं स्वतःचं एकही वाक्य नाही. पुढचं पत्र तिला लिहू द्या, आणि पाठवण्याआधी वाचू नका. त्या वसाहतींबद्दल लिहिताना ती चारच ओळींत का थांबली, हे मला तिला विचारायचं आहे.