पत्रपेटीवर तुमचे नाव आहे का?

गेल्या ऑगस्टमध्ये पुण्याच्या कोथरूडमधून जर्मनीत, श्टुटगार्टजवळच्या एका छोट्या शहरात राहायला गेलेल्या एका भगिनीचे चार पानी पत्र माझ्यासमोर आहे. त्यांचे पती ब्लू कार्डावर, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांना मिळणाऱ्या वास्तव्य परवान्यावर, तेथे अभियंता म्हणून काम करतात. त्या स्वतः बारा वर्षे कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवत होत्या. मुलगा नऊ वर्षांचा आणि मुलगी चार वर्षांची आहे. त्या लिहितात, ‘घर मोठे आहे, हवेशीर आहे, पण सहा महिने झाले तरी मला येथे पाहुणी आल्यासारखे वाटते. दिवाणखान्यात छताला अजून नुसत्या वायरी लोंबत आहेत. झोपण्याच्या खोलीत कोपऱ्याला काळी बुरशी धरली आहे. खालच्या मजल्यावरच्या आजी माझ्यावर रागावल्या आहेत. जिन्यातल्या खिळ्याला टांगलेली एक पाटी कोणीतरी दोनदा आमच्या दाराला अडकवली, मी ती दोन्ही वेळा मुकाट्याने परत नेऊन ठेवली, तेव्हापासून त्या बोलत नाहीत. मला येणारी पत्रे पोहोचत नाहीत. मुलगा वर्गात तोंड उघडत नाही आणि शाळेच्या फाटकाशी “आई, इथे मराठी बोलू नकोस” म्हणतो. हे म्हणतात, दोन वर्षे काढ. पुण्यात सगळे म्हणतात, नशीब काढलेस. जूनमध्ये शाळा सुरू होण्याआधी मी मुलांना घेऊन परत यावे का?’

तुमचा मुख्य प्रश्न पत्राच्या शेवटी आला आहे, पण मी अडकले ते मधल्या एका लहानशा वाक्यापाशी. पत्रे पोहोचत नाहीत, असे तुम्ही जाता जाता लिहिले आहे आणि त्याच पानावर दुसऱ्या संदर्भात हेही लिहिले आहे की, पासपोर्टवर तुम्ही माहेरचेच नाव कायम ठेवले आहे. या दोन गोष्टींचा संबंध तुमच्या लक्षात आलेला दिसत नाही. आपल्याकडे पत्त्यात फ्लॅटचा क्रमांक असतो, वॉचमन असतो, शेजारी असतात; पत्र कसेही करून पोहोचते. जर्मनीत भाड्याच्या घरांना बहुधा फ्लॅटचा क्रमांक नसतो. पोस्टमन खाली ओळीने लावलेल्या पत्रपेट्यांवरची आडनावे वाचतो आणि आडनाव जुळले नाही तर पत्र पाठवणाऱ्याकडे परत जाते. घर घेताना यजमानांनी पेटीवर आणि बेलवर स्वतःचे आडनाव लावले असणार, आणि त्यात त्यांचा काही दुष्ट हेतू नसणार. परंतु परिणाम असा झाला आहे की, तुमच्या विम्याचे कार्ड, तुमच्या नावाचा कर क्रमांक, बँकेचा पिन, म्हणजे जी जी गोष्ट तेथे तुम्हाला स्वतंत्र व्यक्ती म्हणून ओळख देणार होती, ती ती तुमच्या दारापर्यंत येऊन माघारी गेली. पाहुणी असल्यासारखे वाटते, असे तुम्ही लिहिता. टपाल खात्याच्या लेखी तर तुम्ही त्या घरात राहतच नाही.

म्हणून पहिले काम उद्याच करा. घरमालकांना किंवा इमारतीची व्यवस्था पाहणाऱ्याला विचारून पेटीवर आणि बेलवर यजमानांच्या आडनावाखाली तुमचे आडनाव लावून घ्या, तेही पासपोर्टवरच्या स्पेलिंगप्रमाणे. त्यानंतर विमा कंपनी आणि बँक यांना पत्रे पुन्हा पाठवण्यास सांगा.

आता त्या पाटीविषयी. माझी मुलगी काही वर्षांपासून श्टुटगार्टच्याच परिसरात राहते आणि मी तिच्याकडे दोन हिवाळे काढले आहेत, त्यामुळे पत्र वाचताना मला हसू आवरले नाही, त्याबद्दल क्षमा करा. त्या पाटीवर बहुधा ‘केरवोखे’ असे लिहिलेले असेल. ‘वोखे’ म्हणजे आठवडा, आणि ‘केर’ म्हणजे जवळपास आपला केरच; भाषा इतक्या लांबच्या, पण हा शब्द मात्र मराठी माणसाने तेथे जाऊन ठेवल्यासारखा आहे. श्वाबेन नावाच्या त्या भागात इमारतीचा जिना, तळघराची वाट आणि कधी कधी रस्त्याकडेचा पदपथ आळीपाळीने प्रत्येक कुटुंबाने झाडायचा, हा जुना रिवाज आहे आणि भाडेकरारात तो अनेकदा लिहिलेलाही असतो. ज्याची पाळी त्याच्या दाराला पाटी. तुम्ही ती दोनदा परत नेऊन ठेवलीत, म्हणजे आजींच्या दृष्टीने ‘आम्ही झाडणार नाही’ असे दोनदा स्पष्ट सांगितलेत. मी स्वतः पहिल्या खेपेस उत्साहाच्या भरात बादलीभर पाणी ओतून जिना धुतला होता. तो लाकडी होता. खालच्या गृहस्थांनी ज्या वेगाने दार उघडले तो वेग त्यांच्या वयाला शोभणारा नव्हता.

पुढच्या वेळी पाटी आली की शनिवारी सकाळी, दुपारची शांततेची वेळ सुरू होण्याआधी, कोरडे झाडून, मग ओल्या फडक्याने जिना पुसा. रविवारी मात्र अजिबात नको. तो दिवस तेथे शांततेचा मानतात, दुकानेही बंद असतात, काचेच्या बाटल्या कुंडीत टाकणेसुद्धा त्या दिवशी वर्ज्य असते. झाडून झाल्यावर आजींच्या दाराची बेल वाजवून, यजमानांकडून लिहून घेतलेली दोन जर्मन वाक्ये वाचून दाखवा: पाटीचा अर्थ माहीत नव्हता, आता समजला. लाडू, चिवडा पहिल्या भेटीत नेऊ नका. झाडलेला जिना त्यांना अधिक समजेल.

बुरशीचे कारणही बहुधा असेच गैरसमजाचे आहे. थंडी म्हणून तुम्ही खिडक्या घट्ट बंद ठेवता, कुकर दिवसातून दोनदा लावता, धुतलेले कपडे खोलीतच वाळत घालता. ती सगळी वाफ जाऊन बसते सर्वांत थंड भिंतीवर, म्हणजे बाहेरच्या कोपऱ्यावर. रसायनशास्त्राच्या प्राध्यापिकेला मी दवबिंदू समजावून सांगावा, हे बरे दिसत नाही. तेथील लोक कडाक्याच्या थंडीतही दिवसातून दोनतीन वेळा सगळ्या खिडक्या सताड उघडून पाचदहा मिनिटे हवा खेळवतात आणि मग बंद करतात. खिडकी दिवसभर वरून किंचित कलती ठेवल्याने भिंत गार होते, ओल मात्र तशीच राहते. बुरशी दिसल्याचे घरमालकांना लेखी कळवा. असे कळवणे हे भाडेकरूचे कर्तव्य समजले जाते, आणि तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकी असू शकणारी अनामत तुम्हाला पुढे परत हवी असेल.

येथवर सोपे होते. आता दोन वर्षांविषयी.

‘दोन वर्षे काढ’ या वाक्यावर तुमचे अख्खे घर टांगलेले आहे आणि छताच्या त्या वायरीही त्याच वाक्याला लोंबत आहेत, असे मला वाटते. दोन वर्षांसाठी दिवे कशाला, पडदे कशाला, जर्मन कशाला, आजींशी ओळख कशाला. तुम्ही या दोन वर्षांकडे परतीच्या तिकिटासारखे पाहता. परंतु यजमानांच्या मनातही तोच अर्थ आहे का, हे त्यांना एकदा समोर बसवून विचारा. ब्लू कार्डधारकाला जर्मन भाषेची बी-1 ही मधली पातळी गाठल्यास 21 महिन्यांनी, आणि ए-1 या अगदी प्राथमिक पातळीइतकीच भाषा येत असल्यास 27 महिन्यांनी, कायम वास्तव्याचा परवाना मागता येतो. हे दोन्ही आकडे ‘दोन वर्षां’च्या फारच जवळचे आहेत. कदाचित ते ज्याला दोन वर्षे म्हणतात तो मुक्काम संपण्याचा नव्हे, पक्का होण्याचा दिवस असेल. माझा तर्क चुकीचाही असू शकेल. पण नवराबायको एकच आकडा उच्चारून दोन वेगळ्या गोष्टींची वाट पाहत आहेत असे निघाले, तर तुमच्या अस्वस्थतेचा निम्मा भाग त्या आकड्यात आहे आणि तो पुण्याला परत आल्याने सुटणार नाही.

हे बोलणे करताना त्यांच्याकडून आणखी दोन गोष्टी मागून घ्या. एक, घरात येणारे प्रत्येक सरकारी पत्र शनिवारी त्यांनी तुमच्यासोबत बसून वाचावे. आज ते वाचून बाजूला ठेवतात आणि तुम्हाला फक्त ‘काही नाही, नेहमीचेच’ एवढे कळते. दोन, आठवड्यातील दोन संध्याकाळी मुले त्यांनी सांभाळावीत आणि तुम्ही फोल्क्सहोखशुलेच्या, म्हणजे तेथील नगरपालिकांच्या प्रौढ शिक्षण केंद्राच्या, जर्मन वर्गाला जावे. ब्लू कार्डधारकाच्या जोडीदाराला नोकरी करण्यास मुभा असते. शाळेत शिकवण्याचा परवाना मिळवणे तेथे लांबचे आणि कष्टाचे काम आहे, त्याची आशा मी दाखवणार नाही. परंतु रसायनशास्त्राच्या पदवीला प्रयोगशाळांत आणि उद्योगांत दारे आहेत, आणि त्या दारांना भाषेची कडी आहे. बारा वर्षे दुसऱ्यांना शिकवलेल्या माणसाला वर्गातल्या बाकावर बसून चुकीचे बोलणे अवघड जाते, हे मी जाणते.

मुलाविषयी तुम्ही सर्वांत कमी लिहिले आहे आणि सर्वांत जास्त रडला आहात, असे अक्षरावरून दिसते. नव्या भाषेत पडलेली मुले पुष्कळदा काही महिने गप्प राहतात. त्या काळात ती ऐकत असतात, साठवत असतात, आणि चूक होऊन हसे होण्यापेक्षा मौन त्यांना सुरक्षित वाटते. तो भाषेची तयारी करून घेणाऱ्या वर्गात आहे, हे चांगले आहे. शिक्षिकांना एकच गोष्ट विचारा: सांगितलेले त्याला समजते का? समजत असेल तर बोलणे येईल. फुटबॉलच्या किंवा पोहण्याच्या स्थानिक संघात त्याचे नाव घाला. तेथे ‘इकडे दे’ आणि ‘पळ’ एवढ्या दोन शब्दांवर मैत्री होते. मराठी बोलायला तो फाटकाशी लाजतो, तर फाटकाशी हळू बोला, त्याला त्याचे अंतर द्या, आणि घरात मात्र मराठीच ठेवा. शाळेत तो मागे पडतो म्हणून घरात मोडकेतोडके जर्मन बोलण्याचा जो विचार तुम्ही लिहिला आहे, तो कृपा करून सोडून द्या. आई ज्या भाषेत रागावू शकते, लाड करू शकते आणि गोष्ट सांगू शकते, ती त्याच्याकडून काढून घेतली तर त्याला दोन्हीकडे गप्पच राहावे लागेल.

एक गोष्ट तुम्हाला कदाचित कठोर वाटेल. तुम्ही लिहिता की रोज भारतातील रात्री नऊला तुमच्या आई फोन करतात आणि तो तासदीड तास चालतो. हिवाळ्यात भारत आणि जर्मनी यांत साडेचार तासांचे अंतर असते. म्हणजे तुमच्याकडे तेव्हा संध्याकाळचे साडेचार वाजलेले असतात. शाळेतून आलेल्या मुलांना घेऊन अंगणात, खेळाच्या मैदानात, वाचनालयात जाण्याची, इतर आयांशी दोन शब्द बोलण्याची तीच वेळ. सहा महिने ती वेळ तुम्ही कोथरूडमध्ये घालवली आहे. आईंना सांगून फोन सकाळी घ्या, मुले शाळेत गेल्यावर. त्यांच्याकडे तेव्हा दुपारचा एक वाजलेला असेल, जेवण झालेले असेल, आणि तुम्हालाही मोकळेपणाने रडता येईल.

जूनमध्ये परत यावे का, याचे माझे उत्तर नाही असे आहे. निदान या जूनमध्ये नाही. फेब्रुवारीत, संध्याकाळी लवकर अंधार पडणाऱ्या, बुरशी धरलेल्या खोलीत बसून असा निर्णय घेऊ नये. शिवाय मुलाची भाषा फुटण्याच्या बेतात असताना तुम्ही त्याला उचलून आणाल आणि बोललो नाही म्हणून आपल्याला परत आणले, असा हिशेब तो मनात मांडेल. तेथे चौथीच्या मध्यावर शाळा पुढच्या शिक्षणाविषयी शिफारस देते, म्हणजे तुमच्या मुलाच्या बाबतीत पुढच्या हिवाळ्याच्या अखेरीस. तो दिवस ठरवून ठेवा आणि त्या दिवशी दोघांनी मिळून पुन्हा विचार करा. तेव्हाही परतावेसे वाटले तर जरूर परता, कोणी काय म्हणेल याची पर्वा न करता. पण तेव्हा ते चौघांचे ठरलेले परतणे असावे.

तोवर दिवाणखान्यात दिवा लावून घ्या. विजेच्या वायरींना स्वतः हात लावू नका, जाणकार बोलवा. आणि यजमानांनी दोन वर्षांचा अर्थ काय सांगितला, ते मला अवश्य लिहा.