स्मिथचे विक्रम एवढे मोठे, मग प्रेम थर्स्टनलाच का?

तुम्ही विचारलंय की ऑस्ट्रेलियातल्या रग्बी लीगमधले (तेरा-तेरा जणांची रग्बी) जवळपास सगळे मोठे विक्रम कॅमेरॉन स्मिथच्या नावावर असताना इथले प्रेक्षक आणि पेपरवाले जॉनथन थर्स्टनलाच का डोक्यावर घेतात. मी ब्रिस्बेनमध्ये अकरा वर्षं आहे आणि यावरून ऑफिसात आणि साडूच्या घरी इतक्यांदा भांडलोय की थोडक्यात सांगणं मला जमणार नाही.

तरी प्रयत्न करतो. स्मिथ हूकर होता, म्हणजे मधोमध राहून चाल सुरू करून देणारा आणि समोरच्याला पाडणारा. चेंडू घेऊन साठ मीटर पळणाऱ्याचे व्हिडिओ फिरतात. पाडलेल्या माणसाला अर्धा सेकंद जास्त दाबून धरणाऱ्याचा व्हिडिओ कोण बघणार? पण तेवढ्या अर्ध्या सेकंदात समोरच्यांची चाल मोडते आणि आपली फळी जागेवर येते. स्मिथच्या क्लबने, मेलबर्न स्टॉर्मने, हे कुस्तीचं तंत्र घोटून घोटून बसवलं, आणि बाकीचे क्लब आधी त्याला शिव्या घालून मग गुपचूप तेच शिकले. शिव्या मात्र अजून स्टॉर्मच्याच खात्यावर आहेत.

विक्रम म्हणाल तर लीगचे ४३० सामने. त्याच्याआधी लॉकियरचा ३५५ सामन्यांचा विक्रम होता, म्हणजे स्मिथ त्याच्या पुढे ७५ सामने खेळला. गुण २,७८६. ओरिजिनचे, म्हणजे क्वीन्सलँड विरुद्ध न्यू साउथ वेल्स या दोन राज्यांच्या दरवर्षीच्या मालिकेचे, ४२ सामने. क्वीन्सलँडने २००६ ते २०१७ या बारा वर्षांत अकरा मालिका जिंकल्या, त्यातला बहुतेक काळ हाच माणूस मधोमध उभा होता.

आता थर्स्टन. २०१५ ची ग्रँड फायनल, थर्स्टनचे नॉर्थ क्वीन्सलँड काउबॉइज विरुद्ध ब्रिस्बेन ब्रॉन्कोज. भोंगा वाजता वाजता काउबॉइजच्या फेल्टने ट्राय केला (चेंडू शेवटच्या रेषेपलीकडे टेकवला), १६-१६ झाले. ट्रायनंतरच्या जादा गुणांसाठी थर्स्टनने साइडलाइनवरून मारलेली किक खांबाला लागून परत आली. जादा वेळेच्या पहिल्याच किकला ब्रॉन्कोजच्या बेन हंटच्या हातून चेंडू निसटला आणि थर्स्टनने फील्ड गोल (चालत्या खेळात खांबांमधून किक, एक गुण) मारून १७-१६ ने कप नेला. नॉर्थ क्वीन्सलँडचा तो पहिला कप. वर हा माणूस सामना संपला की आपलं हेडगिअर काढून एखाद्या पोराच्या डोक्यावर ठेवायचा. त्याच्यावर प्रेम करायला अक्कल लागत नाही, डोळे असले की पुरे. (मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूची चार डॅली एम पदकं उगाच मिळत नाहीत, तेही मान्य.)

स्मिथवर प्रेम करायला खेळ कळावा लागतो. हे माझं मत आहे आणि ते मी ब्रिस्बेनमध्ये आल्यावर बनवलेलं नाही.

मी सांगलीकडचा. आमच्या मंडळाच्या कबड्डी संघात मी डावा कोपरा आणि माझा थोरला भाऊ चढाईला. दादा दिसायला उंच, मांडीवर थाप मारून आत शिरला की बायाबापड्यासुद्धा उठून उभ्या राहायच्या. १९९७ ला शेजारच्या गावच्या जत्रेत निमंत्रितांची स्पर्धा होती. लाल माती, हॅलोजनचे चार दिवे आणि एका बाजूला बैलगाड्यांवर बसलेली माणसं. फायनलला दादाने एका चढाईत तीन गडी मारले, तिथे मैदान डोक्यावर घेतलं लोकांनी. त्याआधी मी पाच पकडी केल्या होत्या. त्या मोजणारा मी एकटाच.

शेवटची चढाई त्यांची. आम्ही एका गुणाने पुढे. त्यांचा पोरगा आत आला, आमच्या दोघांना शिवला आणि वळला. मी घोटा धरला, बाकीचे वर पडले, तो ओढत ओढत रेषेकडे सरकला आणि हात लांब करून त्याने मधली रेषा गाठली. त्यांची माणसं नाचत आत आली. पण त्याचा दम तुटला होता. माझा कान त्याच्या तोंडापाशी होता, मला स्पष्ट कळलं. रेषेच्या हातभर अलीकडे ‘कबड्डी’ थांबली आणि नुसतं कण्हणं ऐकू आलं. मी उठलो, सरळ पंचांकडे गेलो आणि आवाज न चढवता म्हणालो, ‘साहेब, दम गेलाय, दुसऱ्या पंचांना विचारा.’ त्यांनी विचारलं. चढाईपटू बाद. कप आमचा.

जिल्ह्याच्या पेपरात आलं की दादाच्या झंझावाती चढायांना ‘इतर खेळाडूंची मोलाची साथ लाभली.’ इतर म्हणजे मी.

तेव्हापासून आजतागायत गणपतीला घर भरलं की दादा एकदा तरी म्हणणार, ‘हा काय, पंचाच्या कानाला लागून कप आणणारा.’ सगळे हसतात, मीही हसतो. इथे आल्यावर पहिल्या वर्षी साडू टीव्हीसमोर म्हणाला, ‘बघ स्मिथ, हा शिट्टी न वाजवता रेफरीचं काम करतो,’ तेव्हा मी हातातली प्लेट खाली ठेवली. नियम पाठ असणं, रेफरी कुठे ढिला पडतो ते हेरणं आणि नेमक्या वेळी नेमक्या शब्दांत बोलणं ही लबाडी नाही, ते कौशल्य आहे. ज्याला येत नाही तो त्याला लबाडी म्हणतो. तेही दर वेळी चालायचं असं नाही. २०१८ मध्ये रेफरीशी वाद घातला म्हणून स्मिथला दहा मिनिटं बाहेर बसवलंच होतं.

पेपरवाल्यांचं वेगळं आहे. रग्बी लीगवर लिहिणारे बहुतेक सिडनीत बसतात. स्मिथ क्वीन्सलँडचा, म्हणजे सिडनीचा (न्यू साउथ वेल्सचा) ओरिजिनमधला शत्रू, आणि क्लब मेलबर्नचा, जिथे पेपरची पानं एएफएलने, म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉलने, भरलेली. त्याची बाजू मांडणारा घरचा पेपरच नव्हता. थर्स्टनच्या मागे काउबॉइजचं अख्खं टाउन्सव्हिल शहर होतं. त्यात स्मिथ पत्रकारांना हवं ते बोलणारा नाही. २०२० ची फायनल जिंकल्यावर निवृत्त होणार की नाही ते त्याने साडेचार महिने सांगितलं नाही आणि मार्च २०२१ ला स्टेडियमबाहेर स्वतःच्या पुतळ्याच्या अनावरणालाच सांगून टाकलं. एवढं लटकवल्यावर कोण चांगलं लिहील?

सॅलरी कॅपचं प्रकरण तर प्रत्येक वादात निघतंच. स्टॉर्मने खेळाडूंना मर्यादेबाहेर पैसे दिले म्हणून २०१० मध्ये २००७ आणि २००९ च्या प्रीमियरशिप (लीगची विजेतेपदं) काढून घेतल्या, आणि तो अख्खा मोसम त्यांना एकही गुण न मिळता खेळावा लागला. यावर मी वाद घालत नाही, शिक्षा योग्यच होती. पण २०१२, २०१७ आणि २०२० उरतातच ना. २००८ ची फायनल ग्रॅपल टॅकल (मान-डोकं आवळून पाडणं) केल्याबद्दलच्या बंदीमुळे त्याला खेळता आली नाही आणि स्टॉर्म मॅनलीकडून ४०-० ने हरलं. हा आकडा माझ्या बाजूचा आहे असं मी साडूला नेहमी सांगतो. तो म्हणतो, बंदी कशामुळे आली ते पण सांग.

स्मिथ ‘इमॉर्टल’, म्हणजे खेळातल्या मोजक्या सर्वकालीन थोरांपैकी एक, होईल का म्हणाल तर होईल, पैज लावतो. हा किताब १९८१ मध्ये एका मासिकाने पोर्ट वाइनच्या बाटल्या खपवायच्या निमित्ताने चौघांना देऊन सुरू केला, हे लक्षात ठेवून मग त्याच्या पावित्र्याबद्दल बोला.

एक गोष्ट मी वादात काढत नाही, पण तुम्ही सरळ विचारलंय म्हणून लिहितो. मार्च २०१४ मध्ये स्टॉर्मच्या तिघांच्या टॅकलमध्ये न्यूकॅसलच्या ॲलेक्स मॅककिननची मान मोडली. पोरगा मैदानात पडलेला, आणि स्मिथ रेफरीला सांगत होता की त्याने डोकं खाली घातलं नसतं तर असं झालं नसतं. पुढच्या वर्षी टीव्हीच्या कार्यक्रमात व्हीलचेअरवरच्या मॅककिननला ते फुटेज बघावं लागलं. देशभर गदारोळ झाला. लगेचच्या ओरिजिनमध्ये क्वीन्सलँडने न्यू साउथ वेल्सला ५२-६ ने धुतलं आणि कप्तानाची बाजू घेऊन त्या चॅनेलशी बोलायला नकार दिला. तेव्हा मीही साडूला तावातावाने सांगितलं होतं की इजा किती मोठी आहे ते त्या क्षणी स्मिथला कुठे माहीत होतं.

ते खरंच आहे. पण त्या रात्री जत्रेतल्या मातीत त्या पोराचं कण्हणं माझ्या कानापाशी होतं. दम का तुटला ते मला कळलं होतं, त्याचा गुडघा आमच्या तिघांच्या खाली उलटा वळला होता. मी त्याच्याकडे न बघता पंचांकडे चालत गेलो. त्याला बैलगाडीत घालून नेलं तेव्हा आम्ही कपाबरोबर फोटो काढत होतो. फोटोत दादा नाही. तो गाडीमागे गेला होता.